पूल चढवणारी बॅटरी

मी बोलतेय, जिन्याखालची. अहो इकडे, सायकलींच्या पलीकडे, जुन्या चादरीखाली! चार चाकं, एक खुर्ची, पुढे टोपली आणि पोटात बॅटरी, एवढाच माझा संसार. गुडघ्यांनी दगा दिलेल्या माणसाला बसल्या जागेवरून नेणारी स्कूटर मी. धावणं माझ्या कुळातच नाही. शेजारून एखादं कुत्रं पळत गेलं तर मी मागेच राहते. पण पोचते.

कारखान्यात माझ्याबरोबरच्या सगळ्या बहिणी माझ्यासारख्याच लाल होत्या. कोण कुठे पडली देव जाणे. मी पडले बाईंच्या पदरी. बाईंनी तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे सगळं जग त्यांना बाईच म्हणतं, अगदी नवरासुद्धा! नवऱ्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून त्यांना सगळे घड्याळजी म्हणतात. डोळ्याला भिंग लावून चिमट्यानं मोहरीएवढे स्क्रू बसवण्यात जन्म गेला त्यांचा.

बाईंची थोरली बहीण पुलापलीकडे राहते. ताई. चार वर्षं अंथरुणाला खिळलीय. ऐकू फारसं येत नाही, त्यामुळे फोनचा काही उपयोग नाही. सांभाळायला एक मुलगी ठेवलीय, ती बिचारी सगळं करते. पण केसांना म्हणून ताई तिला हात लावू देत नाही. केस विंचरायचे ते धाकट्या बहिणीनंच. म्हणून रोज दुपारी तीनला बाई कठड्याला धरून जिना उतरायच्या, माझ्यावर बसायच्या आणि आम्ही निघायचो. रस्ता तसा सपाट आहे. मधला पूल तेवढा मेला चढाचा.

आता घरातली एक गोष्ट सांगते. जिन्याखाली राहिलं की न विचारता सगळं कळतं, माझा काय दोष!

इथे खाली प्लग नाही. बॅटरीची पेटी माझ्या पोटातून काढून, अठरा पायऱ्या चढून वर न्यायची आणि चार्ज करायची. पेटीचं वजन दोन वर्षांच्या पोराएवढं. पोर निदान गळ्याला धरतं, ही मेली नुसती हाताला ओढते. न्यायचं काम घड्याळजींचं. त्यांचा नियम ठरलेला होता.

"सेल पूर्ण संपल्याशिवाय हात लावायचा नाही," ते सांगायचे. "अर्धवट असताना भरला की त्याला वाईट सवय लागते."

"सेल आहे की माझ्या वर्गातला मुलगा?" बाई विचारायच्या.

"बाई, या विषयात तुम्ही बोलू नका. उभा जन्म गेलाय माझा सेल बदलण्यात."

चार-चार दिवस बॅटरी वर जायचीच नाही. मी पार मलूल झाले की मगच पेटी उचलायचे. आधी एकदा भरल्यावर चार खेपा सहज व्हायच्या, मग तीन, मग दोन. वर्ष सरलं आणि एका दुपारी ऐन पुलावर माझा जीव गेला. मागे हॉर्नचा नुसता कालवा! बाई मात्र वर्गात बसल्यासारख्या ताठ. दोन भले लोक ढकलायला आले, तर त्यांना म्हणतात कशा, "हळू हं. मी सिमेंटचं पोतं नाही."

त्यानंतर अकरा दिवस मी चादरीखाली. एवढ्या जवळच्या अंतराला रिक्षावाले येत नाहीत आणि उंच गाडीत बाईंना चढवत नाही. सांभाळणाऱ्या मुलीचा रोज फोन यायचा. ताई कुणाला कंगवा लावू देत नाहीत, केसांच्या पार जटा झाल्यात, म्हणून. बाई फोन ठेवायच्या आणि बराच वेळ खालच्या पायरीवर येऊन बसायच्या.

मग आले जावईबापू, गाडीची बॅटरी खांद्यावर घेऊन! "आई, ही लावा. ट्रक ओढेल!"

माझ्या पोटात ती शिरेचना. मग त्यांनी दुसरा उपाय काढला. "विकून टाकू या हिला. मावशींना काय, मी महिन्यातून एकदा नेत जाईन तुम्हाला."

मी तर चादरीखाली गारच पडले. शेवटी घड्याळजींनीच बॅटरीच्या दुकानातल्या मॅडमना बोलावलं. हातात मीटर घेऊन त्या माझ्यापुढे मांडी घालून बसल्या. आधी गाडीच्या बॅटरीकडे बघितलं.

"ही परत करा. ही गाडी सुरू करताना एक दणका देते, बस्स. तासभर हळूहळू चालवायला दम लागतो, तो हिच्यात नाही." मग मीटर लावून म्हणाल्या, "या जुन्या बॅटरीचं तर पार पाणी झालंय. वर्षभरातच? चार्ज कधी करत होता?"

"पूर्ण संपल्यावर," घड्याळजी छाती काढून म्हणाले.

"काका, घड्याळाचा सेल वेगळा. ही शिशाची बॅटरी. हिला उपाशी ठेवलं की ती कायमची खंगते. रोज आल्या आल्या लावायची."

घड्याळजींचा चेहरा पडला. मॅडमनी पेटी उचलून बघितली, जिन्याकडे बघितलं. "ही वर कोण नेतं?"

"मीच."

"रोज न्यायला जमेल?"

घड्याळजी बाईंची नजर चुकवून कठड्याकडे बघू लागले. मला केव्हापासून माहीत होतं. सातव्या पायरीवर ते थांबायचे, पेटी कठड्याला टेकवायचे आणि वर ऐकू जाऊ नये म्हणून धाप गिळायचे. नियमावर विश्वास खराच होता त्यांचा, पण तो कंबरेच्याही फार सोयीचा होता.

"कंबर धरते थोडी," ते शेवटी पुटपुटले.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"झालं असेल... वर्ष."

बाई एकदम उठल्या. "मग विका ही. माझ्यापायी तुम्ही अंथरूण धरायचं? मला नको ते जाणं."

"आणि ताईंचे केस कोण विंचरणार? मी?" घड्याळजी इतक्या मोठ्यानं कधी बोललेले मी ऐकलं नव्हतं. "मला हातसुद्धा लावू देणार नाहीत त्या. जायचं तुम्हीच, बाई. बॅटरीचं बघू आपण."

दुकानातल्या मॅडमनी हळूच मधे तोंड घातलं. "शिशाच्याच जातीत जेलची बॅटरी येते. जास्त सोसते, जास्त टिकते, पण वजन असंच. खाली प्लग असता तर मी तीच दिली असती. तुमच्या जिन्याला लिथियम बरी. तीन हिश्शांतला एकच हिस्सा वजन. स्कूटरच्या पुस्तकात बघितलंय मी, हिला चालते."

"मग महाग असेल ना?" जावईबापू.

"टिकतेही तितकी. पण दोन गोष्टी ऐका. हिचा चार्जर वेगळा, जुना मी घेऊन जाते, म्हणजे चुकून लावाल ही भीती नको. आणि ही शेवटपर्यंत एकसारखी पळते, मग एकदम थांबते. काटा भरलेला दिसला म्हणून विसंबू नका. रोज लावा."

"ऐकलंत ना?" बाई घड्याळजींना म्हणाल्या. "रोज."

"हो, बाई," घड्याळजी म्हणाले, पाढा चुकलेल्या मुलासारखे.

दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी बसली. पोट इतकं हलकं झालं की मला चुकल्याचुकल्यासारखंच वाटत होतं. पूल मी एका दमात चढले. ताईंच्या खोलीपर्यंत माझी वाट आहे, दाराशी उभी राहून बघितलं मी सगळं. बाईंनी तेल लावून एकेक गुंता बोटांनी सोडवला. पुरे दोन तास. कात्री काढावी लागली नाही. ताई भिंतीकडे तोंड करून रुसून पडली होती. शेवटची गाठ सुटली तशी वळली आणि म्हणाली, "केवढा उशीर केलास गं!"

या गोष्टीला दोन वर्षं झाली. माझा डावा आरसा गेलाय, खुर्ची एका कोपऱ्यात उसवलीय, पण बॅटरी ठणठणीत आहे. घड्याळजी एका हातानं ती वर नेतात, तेही कंबरेला पट्टा बांधून. डॉक्टरांकडे बाईंनी कान धरूनच नेलं ना!

तुमच्याही घरात कुणासाठी माझ्यासारखी एखादी आणाल तर सांगून ठेवते. किती लांब जाते हे सगळेच विचारतात. प्लग कुठे आहे आणि तिथवर उचलून कोण नेणार, हेही विचारा. आणि उचलणारा "जमतं मला" म्हणाला, तरी एकदा सातव्या पायरीवर जाऊन उभे राहा.

बरं, तीन वाजले. काठीचा आवाज येतोय वरून. चादर काढा आणि त्या सायकली जरा सरकवा. आम्हाला पूल चढायचाय.