घड्याळाकडची बाजू

घाबरणं माझ्या स्वभावात नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. पंपांच्या जळलेल्या मोटारी उघडायच्या, त्यातली तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची, यात माझी तीस वर्षं गेली. दोनदा शॉक बसून भिंतीवर आदळलो आणि दोन्ही वेळा उठून आधी चहा मागितला. त्यामुळे पुढचं सांगताना मला लाज वाटते. त्या दिवशी सकाळी वीस-पंचवीस मिनिटं माझी पाचावर धारण बसली होती, आणि त्याला कारण मीच होतो.

मोटरसायकल माझ्या मुलीची, चिमीची. चिमी आता सव्वीस वर्षांची आहे, रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरी करते, पण घरात नाव चिमीच. तिने एक खूळ आणलं होतं, फेंडर एलिमिनेटर नावाचं. मागच्या चाकावर जो लांबलचक प्लास्टिकचा मडगार्ड असतो, ज्याच्यावर नंबरप्लेट आणि इंडिकेटर बसवलेले असतात, तो सरळ काढून टाकायचा. त्याच्या जागी तळहाताएवढा काळा पत्रा लावायचा, आणि पत्र्याच्या दोन्ही टोकांना करंगळीएवढे एलईडी इंडिकेटर. मी म्हटलं, अगं, पाऊस पडला की सगळा चिखल तुझ्या पाठीवर येईल. ती म्हणाली, "येऊ दे. गाडी कशी दिसेल ते बघा."

ती गाडी गॅरेजमध्ये नेणार होती. मीच मध्ये पडलो. घरात वायरिंगचा माणूस बसलेला असताना दोन दिव्यांसाठी परक्याकडे जायचं, हे मला कसं सहन होणार? तिची ड्यूटी अकराची होती. मी सकाळी आठलाच दुकानाचं शटर उघडलं, गाडी आत घेतली आणि कामाला लागलो.

मदतीला माझा मेहुणा होता. म्हणजे तो मदतीला आला नव्हता, माझी कमरेत सैल केलेली पँट द्यायला आला होता. तो टेलर आहे आणि मी त्याला टेलर म्हणूनच हाक मारतो. डावखुरा आहे बिचारा. त्याची कात्रीसुद्धा वेगळी, उलट्या हाताची, आणि त्या कात्रीवरून त्याची थट्टा करायची एकही संधी मी कधी सोडली नाही. त्याला चहा दिला आणि कामाला जुंपला.

आता आमच्या दुकानातली एक पद्धत सांगायला हवी. आमच्याकडे डावं-उजवं म्हणत नाहीत. हा माझ्या उस्तादांचा नियम. ते म्हणायचे, घाईत अर्ध्या लोकांना डावं कुठलं आणि उजवं कुठलं हे आठवत नाही, पण आपलं घड्याळ कुठल्या मनगटावर आहे हे कुणी विसरत नाही. म्हणून डावीकडची ती घड्याळाकडची बाजू, आणि उजवीकडची ती दुसरी. हे इतकं अंगवळणी पडलं की घरीही तेच सुरू झालं. लहानपणी चिमीला सायकल शिकवतानासुद्धा मी मागून ओरडायचो, "घड्याळाकडे वळव, घड्याळाकडे!" आणि तिच्या हातात तेव्हा घड्याळही नव्हतं.

जुना मडगार्ड निघाला. त्याच्या खालून इंडिकेटरच्या दोन वायरी लोंबत होत्या, चिखलाने मळून दोन्ही सारख्याच राखाडी झालेल्या. मी ट्यूबलाइटखाली बसून नव्या पत्र्यात दिवे बसवत होतो. तिथूनच म्हटलं, "टेलर, घड्याळाकडच्या वायरीला पांढरी पट्टी लाव." तो गाडीच्या मागे उकिडवा बसला होता. त्याने पट्टी लावली. मग मी पट्टीची वायर डावीकडच्या दिव्याला जोडली, दुसरी उजवीकडच्या, वर सोल्डर, वर नळी, सगळं अगदी झकास.

माझं सगळं लक्ष भलतीकडेच होतं. एलईडी फार कमी करंट ओढतात. मग दिव्यांची उघडझाप करणाऱ्या जुन्या फ्लॅशरला वाटतं की बल्ब उडालाय, आणि दिवे वेड्यासारखे फडफडायला लागतात. मला हे आधीच माहीत होतं म्हणून मी नवा फ्लॅशर आणून ठेवला होता, आणि तो बसवल्यावर दिवे कसे शिस्तीत लागतात हे बघण्यात मी रंगून गेलो होतो. अवघड ते जमलं की सोपं जमलंच असणार, असं मी गृहीत धरलं.

तपासणीच्या वेळी मी सीटवर बसलो. माझा गुडघा खराब आहे, एकदा उंच गाडीवर चढलो की लवकर उतरायचा कंटाळा येतो. टेलर मागे उभा राहिला. मी बटण डावीकडे सरकवलं.

"घड्याळाकडची लागली?"

"लागली."

उजवीकडे सरकवलं. "आता दुसरी?"

"दुसरी." मग तो म्हणाला, "भावजी, तुम्ही एकदा उतरून बघून घ्या. मला यातलं काय कळतंय?"

"डोळे आहेत ना तुला?" मी म्हटलं. "दिवा लागलेला कळायला काय शिक्षण लागतं?"

सव्वादहाला चिमी तयार होऊन आली. गाडीच्या मागे जाऊन दोन फोटो काढले, मला म्हणाली, "बाबा, तुम्ही ग्रेट आहात," आणि हेल्मेट चढवून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी बघत उभा होतो. छाती फुगली होती माझी.

टेलरने हात धुतले, पुसले, आणि घड्याळ बघायला हात वर केला. "चला, मीही निघतो. साडेदहा होतील."

त्याने उजवा हात वर केला होता.

मला आधी काहीच वाटलं नाही. मग मी बाकड्याला धरलं. "टेलर," मी म्हटलं, "तू घड्याळ त्या हातात घालतोस?"

"पहिल्यापासून. डावखुरा आहे ना मी. कापताना मध्ये येतं."

तीस वर्षं मी त्या माणसाच्या कात्रीवर हसलो आणि त्याचं मनगट बघितलं नाही. आमच्या घरी त्याला घड्याळाकडचं कपाट उघड म्हटलं की तो हमखास दुसरंच उघडायचा, आणि सगळे त्याला वेंधळा म्हणायचे. तो वेंधळा नव्हता. आम्ही सांगत होतो तेच तो करत होता. त्याने पट्टी लावली ती उजव्या वायरीला. मी ती जोडली डाव्या दिव्याला. मी विचारलं घड्याळाकडची लागली का, लागली होती उजवी, आणि तो खरं तेच बोलला.

म्हणजे पुढचे दिवे बरोबर होते आणि मागचे उलटे. गाडीवर बसलेल्या माणसाला हे कधीच दिसणार नाही. चिमी उजवीकडे वळताना बटण दाबणार, तिच्यासमोर सगळं ठीक दिसणार, आणि मागून येणाऱ्याला दिसणार की ही डावीकडे चालली आहे. तो तिला उजवीकडून ओलांडायला जाणार. आणि तीही उजवीकडेच येणार.

मी फोन लावला. तीन वेळा वाजला आणि मीच घाईघाईने बंद केला. खिशात फोन थरथरला आणि ती दचकली तर? शिवाय ती उचलणार नव्हतीच. गाडीवर असताना फोन उचलायचा नाही, मी मेल्याचा निरोप असला तरी नाही, असं तिला बजावून सांगितलेलं कुणी? मीच.

"स्कूटर काढ," मी टेलरला म्हणालो.

लॅबपर्यंत तीन उजवी वळणं आहेत. शाळेपाशी एक, पाण्याच्या टाकीपाशी एक, आणि तिसरं पुलाच्या पलीकडे, मोठ्या रस्त्यावर, जिथून वाळूचे डंपर जातात. डावीकडच्या वळणांची मला एवढी काळजी नव्हती, ती कडेकडेनेच वळते. उजवी तीन. स्कूटरवर मागे बसून मी ती तीन वळणं जपासारखी घोकत होतो. टेलरच्या पायाशी कापडाचं गाठोडं होतं, त्यामुळे त्याला धड पाय ठेवता येत नव्हता, आणि मी त्याच्या खांद्याला इतकं घट्ट धरलं होतं की शेवटी तो म्हणाला, "भावजी, हात जरा सैल सोडा, हँडल हलतंय."

"तू बोलू नकोस. चालव."

"माझं चुकलं भावजी."

"चालव म्हटलं ना!"

त्याचं चुकलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तो बघून घ्या म्हणाला होता. पण भीती वाटायला लागली की मी ओरडतो, हा माझा जुना रोग आहे.

शाळेचं वळण मोकळं होतं. रस्त्यावर काच नाही, गर्दी नाही. मी श्वास सोडला आणि लगेच पुढच्या वळणासाठी परत धरला. टाकीपाशी मात्र लांबूनच माणसांचं कोंडाळं दिसलं. सगळे खाली वाकून बघत होते. मी डोळे मिटले, खरंच मिटले, आणि टेलरला म्हटलं, "तू बघ. मला सांग." स्कूटर हळू झाली. मला त्या दोन-तीन क्षणांत तिची शाळेची वेणी दिसली, तिचा दात पडला होता तो दिसला. मग टेलर म्हणाला, "पाइप फुटलाय भावजी. खड्ड्यात बघतायत." मला रडू आलं आणि मी त्याच्या पाठीला डोकं टेकवलं.

पूल ओलांडला आणि ती दिसली.

शंभर-दीडशे पावलांवर होती; वाटेत पेट्रोल भरायला थांबली असणार. लाल हेल्मेट, पाठीवर सॅक, आणि तो नवा बारीक पत्रा, खरंच देखणा दिसत होता. तिच्या मागे एक डंपर होता, आमच्या आणि तिच्या मध्ये, जरा बाजूला, त्यामुळे ती मला दिसत होती. वळण जवळ आलं. तिचा इंडिकेटर लागला. डावा. शिस्तीत, एका लयीत, मी बसवलेल्या नव्या फ्लॅशरवर.

डंपरवाल्याने हॉर्न दिला आणि तिला ओलांडायला गाडी उजवीकडे घेतली.

"चिमेऽऽ!" मी ओरडलो. टेलर हॉर्न दाबून बसला होता, पण त्या स्कूटरचा हॉर्न तो केवढा. ती उजवीकडे येत होती. डंपर पुढे सरकला आणि ती मला दिसेनाशी झाली. मग ब्रेकचा आवाज आला, लांबच लांब, आणि काहीतरी प्लास्टिकचं फुटल्याचा.

मी स्कूटरवरून कसा उतरलो आणि कसा पळालो ते मला आठवत नाही. माझा गुडघा त्या दिवशी मुडपला कसा नाही, देव जाणे. डंपरच्या पुढून वळलो तर गाडी आडवी पडली होती आणि चिमी उभी होती. उभी होती! कोपर सोललं होतं, हेल्मेट काढून तिने हातात धरलं होतं, आणि ती भांडत होती.

डंपरवाला खाली उतरला होता. पिकल्या मिशांचा माणूस. "डावा दाखवतेस आणि उजवीकडे घुसतेस? मी दाबला नसता ब्रेक तर? काय उत्तर दिलं असतं मी तुझ्या घरच्यांना?"

"उजवाच दिला होता मी!"

"डावा होता! माझे डोळे फुटलेत का?"

"काका, वायरिंग माझ्या वडिलांनी केलंय," चिमी म्हणाली. "आजच सकाळी. त्यांचं काम चुकत नाही. कुणालाही विचारा."

चार माणसं जमली होती. त्यांच्या मधून मी पुढे झालो. मला बघून तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं, साक्षीदार आला.

"चुकलंय," मी म्हणालो. "त्यांचं बरोबर आहे. मागचे दिवे उलटे जोडलेत मी."

"बाबा, तुम्ही कशाला नमतं घेताय?" ती चिडून म्हणाली. "भांडण मिटवायला उगाच काहीतरी बोलू नका. मी बघते यांच्याकडे."

मी काय सांगणार होतो? घड्याळ, मनगट, टेलर, पांढरी पट्टी? त्यातला प्रत्येक शब्द सबबीसारखा वाटला असता. टेलर आणि मी मिळून गाडी उभी केली. मी सीटवर बसलो आणि तिला म्हटलं, "मागे जाऊन उभी राहा."

किल्ली फिरवली. बटण उजवीकडे सरकवलं. माझ्यासमोर उजवीकडचा जुना दिवा व्यवस्थित लागत होता. मी मान वळवून तिच्याकडे बघत राहिलो. ती दिव्याकडे बघत होती. मग माझ्या हाताकडे, मग परत दिव्याकडे.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही डावीकडे सरकवलंत."

"नाही गं. उजवीकडेच आहे."

ती पुढे आली. माझा अंगठा बाजूला केला आणि बटण स्वतः बघितलं. पुढचा दिवा बघितला, परत मागे गेली. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. डंपर अंगावर येताना पडलं नसेल तेवढं तेव्हा पडलं. सोललेलं कोपर तिने दुसऱ्या हाताने धरलं.

मग ती डंपरवाल्याकडे वळली. "काका, तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. "तुम्ही ब्रेक दाबलात म्हणून."

दिवा अजून चालूच होता. तिने हात लांब करून तो बंद केला आणि किल्ली काढून खिशात टाकली.