केशरी शेपूट

आमचे हे गेले तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाने माशांचं सांत्वन केलं.

माझ्याशी काय बोलावं हे कोणालाच सुचत नव्हतं. मी शिलाई मशीनपुढच्या स्टुलावर बसलेली, मशीनशेजारी काचेची टाकी आणि टाकीत यांचे गप्पी मासे. आलेला माणूस दोन वाक्यं बोले, तिसऱ्याला अडे आणि टाकीकडे वळे. "बिचारे, यांनाही कळत असेल," असं म्हणून डबीतलं चिमूटभर खाणं पाण्यात सोडे आणि हलक्या मनाने घरी जाई. यांची थोरली बहीण, माझी नणंद, मुक्कामालाच आली होती. वन्सं सकाळी उठल्या की आधी माशांना घालत, मग स्वतः चहा घेत.

पाणी गढुळलं. मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले.

"बघ गं, भुकेने कसे तोंड वासताहेत," वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी आणखी घातलं.

न खाल्लेलं खाणं तळाशी कुजत होतं आणि मासे हवेसाठी धडपडत होते, हे आम्हाला कळलं तोवर टाकीत एक मादी तेवढी उरली होती.

हे लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर लोकांच्या वर-खाली जाण्याची काळजी वाहून घरी आले की टाकीसमोर बसायचे. साध्या गप्पींमधून निवडत निवडत त्यांनी वर्षानुवर्षं एक वाण तयार केला होता. अंगाने राखाडी आणि शेपूट मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत केशरी. कुठलं पिल्लू ठेवायचं आणि कुठलं कोणाला देऊन टाकायचं, यात त्यांची अख्खी संध्याकाळ जाई. माझ्याकडे त्यांनी आयुष्यात कधी इतकं निरखून पाहिलं नाही. मी त्या टाकीला सवत म्हणायचे, आणि थट्टेत म्हणायचे असंही नाही. आता सवत मेल्यावर माझ्या लक्षात आलं की यांच्या हातचं म्हणावं असं घरात दुसरं काहीच नाही. लिफ्टा काय, लोकांच्या.

उरलेली मादी दिसायला यथातथाच होती. तो रंग फक्त नरांना येतो. वन्सं टाकीकडे पाठ करून बसू लागल्या. त्यांना कोणी एका शब्दाने बोललं नव्हतं. मला राग आला होता, चांगलाच आला होता, पण जिचा धाकटा भाऊ गेला तिच्यावर कुठल्या तोंडाने ओरडायचं?

दोनेक महिन्यांनी मादी फुगली. हिचंही आता काही खरं नाही, असं म्हणून मी तिला बरणीत घालून पाळायचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानात नेलं. हे नेहमी त्याच्याकडेच जायचे. त्याने बरणी उजेडात धरली.

"मावशी, पिल्लं आहेत पोटात. हा शेपटीच्या अलीकडचा काळा डाग बघा."

"कशी असतील? टाकीत नर नाही. कधीचा नाही."

"एकदा नर भेटला की ही जात त्याचं बीज पोटात साठवून ठेवते. पुढे कित्येक महिने सवडीने पिल्लं देत राहते."

"म्हणजे बाप..."

"काकांच्याच टाकीतला." त्याने बरणी परत दिली. "पण झाली की लगेच वेगळी करा. ही खाईल त्यांना."

"स्वतःच्या पोटची पोरं?"

"समोर हललं की गिळते. नातंबितं बघत नाही."

बरणी छातीशी धरून मी इतकी हळू चालत आले की काठी टेकत जाणारे एक आजोबा मला मागे टाकून गेले. हे मला या जन्मी पुन्हा काही देतील असं वाटलं नव्हतं. नीट घेता आलं पाहिजे, एवढीच धास्ती होती.

घाई मला नडली. फ्रॉकच्या जाळीची खळ धुऊन काढली, तिचा पिंजरा शिवला आणि त्याच दिवशी मादीला आत कोंडलं. ती कोपऱ्यात पडून राहिली, पंख मिटून. मी मासेवाल्याला फोन लावला.

"आत्तापासून? अहो, घाबरली तर कच्चीच टाकेल पिल्लं. सोडा आधी तिला!"

सोडली. मग विचार केला, तिला कोंडण्यापेक्षा पिल्लांना लपायला जागा द्यावी. हिरव्या जाळीला दाट चुण्या घालून झालरी शिवल्या, खाली धुतलेले गोटे बांधले आणि टाकीभर सोडल्या. चुणीत पिल्लू शिरेल, आई शिरणार नाही, असा बेत. आयुष्यभर लोकांच्या पोरींच्या फ्रॉकना झालरी लावल्या. माशाचं बाळंतपण पहिलंच.

मादीचं पोट चौकोनी दिसू लागलं आणि एका सकाळी मी कोणाची तरी पँट आखूड करत असताना ती मोकळी झाली. नुसते डोळे आणि शेपूट, मध्ये फारसं काही नाही, अशी पिल्लं. किती झाली ते सांगता येत नाही, कारण मी मोजते आहे तोवर आई त्यांना गिळत होती. मी तिला बरणीत काढलं आणि चार शिव्याही दिल्या. झालरींमध्ये शिरली होती तेवढी वाचली.

मी खाण्याची पूड करून टाचणीच्या टोकावर मावेल एवढीच घालायची. वन्सं खोलीच्या पलीकडून विचारायच्या, "खातात का?" मी म्हणायचे, "खातात." आमचं बोलणं एवढंच. पिल्लं वाढली आणि सगळी राखाडीच राहिली. सगळ्या मुलीच निघाल्या असत्या तर यांचा रंग पुन्हा दिसणार नव्हता. मी रोज चष्मा पुसून बघायचे आणि रोज हिरमुसायचे.

मग एकदा सुईत दोरा ओवताना काचेवर केशरी दोऱ्याचा तुकडा चिकटलेला दिसला. मी नखाने खरवडला. तो पोहत निघून गेला.

"वन्सं," मी हाक मारली, "इकडे या."

त्या आल्या. वाकून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मी टाचणीवर पूड घेतली आणि त्यांच्यापुढे धरली.

"घाला."

"माझ्या हाताने नको गं."

"मी बेताचंच दिलंय. घाला."

त्यांनी टाचणी पाण्यात बुडवली. केशरी शेपूट वर आलं, खाल्लं आणि तोंड उघडून तिथेच थांबलं.

"अजून भूक असेल गं त्याला," वन्सं म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मीही रडले. हे गेल्यापासून मला ते पहिल्यांदाच जमलं. त्यांनी माझा खांदा धरला, मी त्यांचा धरला.

दुसऱ्या हाताने मी डबी घट्ट धरून ठेवली होती.