मला खुंटीवर टांगू नका

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो. काठी म्हटल्यावर तुम्हांला लगेच छडी आठवली असेल, पण तशी काठी मी नव्हे. मी सुताराच्या कारखान्यातली ढकलकाठी आहे. लांबीला हातभर, वरच्या बाजूला मूठ आणि खालच्या टोकाला एक खाच. आमच्याकडे विजेवर चालणारी टेबलाची करवत आहे. टेबलाच्या पोटातून तिचे गोल पाते वर डोकावते आणि गरगर फिरते. लाकूड त्या पात्याकडे सरकवताना शेवटची वीतभर वाट हाताने चालायची नसते. तिथून पुढे माझे काम. लाकडाचे मागचे टोक माझ्या खाचेत बसवायचे आणि मला ढकलायचे. पात्याचे दात लागले तर मला लागतात, हाताला नाही.

जन्माने मी एका मोडक्या खुर्चीचा मागचा पाय. खुर्ची दुरुस्तीला आली आणि तशीच पडून राहिली. त्याच सुमारास कारखान्यात ही करवत आली. मिस्त्री तर हरखूनच गेले. दिवसभराचे काम तासाभरात होऊ लागले. मिस्त्रीणबाई त्याच कारखान्यात पॉलिशचे काम करत. त्यांना मात्र त्या आवाजाने धडकी भरे. पहिल्याच आठवड्यात मिस्त्रींच्या शर्टाची लोंबती बाही पात्याने ओढली आणि टरकन फाडली. बाई भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मिस्त्री बघतात तर घरातल्या सगळ्या शर्टांच्या बाह्या कोपरापर्यंत आलेल्या. लग्नातला शर्टसुद्धा सुटला नव्हता!

मग बाईंनी त्या खुर्चीचा पाय उचलला. पेन्सिलीने माझी आकृती आखली. मिस्त्रींच्या मुठीत लाकडाच्या भेगा बुजवायच्या मऊ पुट्टीचा एक गोळा दाबायला दिला आणि त्यावर उमटलेल्या बोटांप्रमाणे माझी मूठ कोरली. चार दिवस पॉलिश पेपरने घासून मला गुळगुळीत केले.

"अहो, ही घ्या," त्या म्हणाल्या, "आजपासून लाकूड हिच्या हवाली आणि तुमची बोटं माझ्या हवाली."

"बोटं तर लग्नातच तुझ्या हवाली केली होती," मिस्त्री हसत म्हणाले. पण त्यांनी मला हातात घेतले आणि मी त्या हातात अशी बसले की जणू तिथलीच.

पुढची कितीतरी वर्षे आम्ही तिघांनी मिळून काम केले. मिस्त्री, मी आणि ते पाते. पात्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. ते मनाने दुष्ट नाही. त्याला लाकूड कोणते आणि बोट कोणते हे कळत नाही, एवढेच. म्हणून ते कळण्याची जबाबदारी माणसावर येते. मिस्त्री डोळ्यांवर चष्मा लावत. हातमोजे कितीही थंडी असली तरी घालत नसत, कारण हातमोज्याचा एक धागा जरी दाताला लागला तरी पाते सगळा हात ओढून नेते. लाकडाच्या जाडीच्या जरा वर येईल इतकेच पाते ते वर काढत. आणि लाकडाच्या सरळ रेषेत कधी उभे राहत नसत, थोडे बाजूला राहत. कामाच्या वेळी बाई त्यांना हाकसुद्धा मारत नसत. काही सांगायचे असले तर समोर येऊन उभ्या राहत आणि पाते पूर्ण थांबेपर्यंत वाट बघत. एकदा दूध उतू चालले होते तरी त्या तशाच उभ्या राहिल्या. दूध गेले ते गेले.

या वर्षांत माझ्या अंगावर काप पडत गेले. कोणी विचारले की मिस्त्री मला पुढे करत आणि म्हणत, "बघा, इतक्या वेळा माझं बोट वाचलं." खरे सांगते मित्रांनो, तेव्हा मला कोणी सोन्याने मढवले असते तरी इतका आनंद झाला नसता.

मग बाई गेल्या. चार महिने अंथरुणाला खिळल्या आणि गेल्या. त्यांची लेक तोवर हाताखाली तयार झाली होती. ती आता कारखाना सांभाळू लागली. मिस्त्री कामावर येत, पण बोलणे कमी झाले. एके दिवशी काम संपल्यावर ते मला फडक्याने पुसत होते. माझ्या खाचेच्या आतल्या बाजूला बाईंनी आखलेली पेन्सिलीची रेघ तेवढी शिल्लक होती. नवा काप त्या रेघेच्या अगदी शेजारी पडला होता. मिस्त्री कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत बसले.

"बस झालं आता," ते मला म्हणाले. "खूप सोसलंस."

त्यांनी मला पॉलिश केले आणि बाईंच्या फोटोशेजारी खुंटीवर टांगले. आता लपवून काय उपयोग, मला फार बरे वाटले. रोज कोणीतरी पुसत होते. येणारे-जाणारे कौतुक करत होते. काम नाही, मान मात्र मोठा. मी शेफारले होते.

लेकीने वडिलांसाठी प्लायवूडची दुसरी काठी करून दिली. मिस्त्रींनी ती दोनदा हातात धरली आणि कोपऱ्यात ठेवली. "हातात बसत नाही गं," ते म्हणाले. मग ते नुसत्या हातानेच लाकूड ढकलू लागले. लेक ओरडली की म्हणत, "इतकी वर्षं झाली, मशीन ओळखतं मला." मी खुंटीवरून सगळे पाहत होते. मशीन कोणालाही ओळखत नाही, हे मला ओरडून सांगायचे होते. पण काठीचे ऐकतो कोण?

एकदा एका शाळेच्या खिडक्यांसाठी पट्ट्या कापायच्या होत्या. दोन बोटे रुंद पट्टी म्हणजे एका बाजूला कडेचा लोखंडी आधार, दुसऱ्या बाजूला पाते आणि मध्ये हात जायला जागाच नाही. मिस्त्री एका बोटाने पट्टी ढकलत होते. पट्टी शेवटाला आली. मी असते तर तिला पात्याच्या पलीकडे नेऊन सोडले असते. बोट तिथवर कसे जाणार? त्यांनी क्षणभर बोटाचा दाब सैल केला, पट्टी डगमगली, पात्याने ती धरली आणि मागे भिरकावली. ते बाजूला उभे होते म्हणून पोट वाचले. पण पट्टी निसटताच हात पुढे घसरला.

लेकीने धावत येऊन मशीन बंद केले. टेबलावर रक्त सांडले होते. तर्जनीचे टोक फाटले होते, नख अर्धे गेले होते. डॉक्टरांनी पाच टाके घातले आणि म्हणाले, "केसभर अजून, की बोट गेलंच होतं." खुंटीवर चकाकत लटकताना मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

टाके निघाल्यावर मिस्त्री पुन्हा कारखान्यात आले. लेकीने मला खुंटीवरून काढले आणि त्यांच्यासमोर धरले.

"ती नको," मिस्त्री म्हणाले. "तुझ्या आईच्या हातची आहे."

"म्हणूनच म्हणते. आईने ही खुंटीसाठी केली नव्हती, बाबा. हिला ओरखडा पडू नये म्हणून तुम्ही बोट पुढे केलंत. आईला हे चाललं असतं?"

मिस्त्रींनी माझ्या मुठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "ही झिजून संपली, की तिचं काय उरेल गं माझ्याकडे?"

लेकीने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. टाक्यांच्या खुणा असलेले बोट जपून धरले. "हे उरतील. तिने हेच तर जपले होते."

मिस्त्री लहान मुलासारखे रडले. लेकही रडली. मशीन बंद होते, त्यामुळे घाई कोणालाच नव्हती. मग त्यांनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि मला मुठीत घेतले. पहिलीच पट्टी ढकलताना पात्याचे दात माझ्या खाचेत शिरले आणि बाईंची पेन्सिलीची रेघ भुशात मिसळून गेली. मिस्त्रींनी मशीन बंद केले, पाते थांबेपर्यंत थांबले, माझ्यावरचा भुसा फुंकला आणि दुसरी पट्टी घेतली.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट संपवताना म्हणतात, आम्हांला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला मुळीच जपू नका. मला वापरा, माझ्यावर काप पडू द्या आणि मी फार आखूड झाले की फेकून द्या. मोठे झाल्यावर कधी अशा करवतीजवळ उभे राहाल, तेव्हा माझ्यासारखी एक काठी आधी हातात घ्या आणि मगच बटण दाबा. लेकीने परवाच मला प्लायवूडवर ठेवून माझ्याभोवती पेन्सिल फिरवली आणि तशाच चार काठ्या कापल्या. मिस्त्रींच्या हातात त्या नीट बसतात. काठी अशी आखून पुन्हा कापता येते. बोट आखून दुसरे कापता येत नाही.