झील धरणारा अ‍ॅम्प्लिफायर

मित्रांनो, माझी खरी ओळख समोरून होत नाही. समोरून मी नुसती काळ्या रेक्झिनची, जाळी लावलेली चौकोनी पेटी दिसतो. जरा पाठीमागे या. तिथे दोन खाचा आहेत, आणि त्या खाचांत जे घालाल तसा मी बोलतो. मी गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. वय झालं आहे, आता बोलणं कमी होतं.

माझा जन्म आर्वीचा. एस.टी. डेपोसमोरच्या गल्लीत चंद्रभान नावाचा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा होता, त्याने मला सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात बांधलं. फळ्या एका मोडक्या कपाटाच्या, ट्रान्सफॉर्मर त्याने स्वतः गुंडाळलेला. एका ऑर्केस्ट्रावाल्याने मला बांधायला सांगितलं होतं, पण तो न्यायला फिरकलाच नाही. तेव्हा काही दिवस मी दुकानात नुसताच बसून राहिलो.

आता खाचांचं सांगतो. गिटारच्या तारेचा आवाज माझ्याकडे येतो तेव्हा फार अशक्त असतो. त्याच्या अंगात आधी थोडं बळ आणावं लागतं, मग त्याला मोठं करता येतं. हे बळ आणण्याचं काम प्रीअँप करतो. इतर अ‍ॅम्प्लिफायरांत तो आत कायमचा बसवलेला असतो. चंद्रभानने तो सुट्या कार्डांवर बांधला. कार्ड खाचेत सरकवलं की आवाजाचा स्वभाव ठरला, दुसरं घातलं की स्वभाव पालटला. त्याच्याकडे चार कार्डं होती: साधं, नरम, कडक आणि घुमारा.

अशात एका दुपारी पिपरी मेघेहून सुलोचनाबाई आणि त्यांचे यजमान सदाशिवराव दुकानात आले. सुलोचनाबाई कीर्तनकार. सदाशिवराव त्यांचे झीलकरी. झील म्हणजे काय, हे कीर्तनाला बसलेल्यांना माहीतच आहे. कीर्तनकार पदाचं ध्रुपद म्हणतात, आणि त्यांचा शेवटचा शब्द जमिनीवर पडायच्या आत मागचा झीलकरी तो उचलून धरतो. तेवढ्यात कीर्तनकार श्वास घेतात, पुढचा दाखला मनात लावतात. झील तुटली की कीर्तन उघडं पडतं.

सदाशिवरावांनी ती जन्मभर धरली. मग त्यांच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. नुसती कुजबुज उरली. बाईंनी दुसरे झीलकरी घेऊन पाहिले. एक घाई करायचा, एक झोपाळू होता, एकाचं सगळं लक्ष समोरच्या मंडळींकडे. शेवटी त्या म्हणाल्या, रामनवमीचं कीर्तन घेतलं आहे तेवढं करते आणि चिपळ्या देवापुढे ठेवते.

हे ऐकल्यावर सदाशिवरावांनी माळ्यावरून आपली तरुणपणीची गिटार काढली. मांडीवर आडवी ठेवून, पोलादी कांडी तारांवरून सरकवत वाजवायची ती गिटार. तिच्यातून सूर घसरत घसरत जातो, माणसाच्या गळ्यासारखा. त्यांच्या मनात होतं, गळा नाही तर हाताने झील धरू.

"सुरुवातीले दोनच कार्डं घ्या भाऊ," चंद्रभान म्हणाला. "खाचाच दोन हायेत. एक माइकले, एक गिटारले. बाकीचे मंग पाहू."

माइकला नरम कार्ड ठरलं, त्यात वाद नव्हता. गिटारच्या खाचेत साधं कार्ड होतं, कारण मला तपासताना चंद्रभानने तेच लावलं होतं. सदाशिवराव स्टुलावर बसले आणि त्यांनी ध्रुपद वाजवलं. सुलोचनाबाई कीर्तनात उभ्या राहतात तशा, त्यांच्याकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

"समजून राह्यलं," त्या म्हणाल्या. "शब्द न् शब्द समजून राह्यला."

पण सदाशिवरावांचा चेहरा उतरला होता. साधं कार्ड कशाचीच भर घालत नाही. गिटार जुनी, तारा जुन्या. जे होतं ते बाहेर आलं, बारीक आणि थोडं खरखरीत.

मग चंद्रभानने घुमारा लावला. दुकानाचा गाभारा झाला. समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं डोकावली.

"हे कार्ड बनवता बनवता डोकं फुटाची पाळी आलती," चंद्रभान म्हणाला. "पन पाहा, कसा भरून आवाज येते."

"मले तं साधंच बरं वाटलं," सुलोचनाबाई म्हणाल्या.

सदाशिवरावांनी मान हलवली. "त्याच्यात माहा घसा दिसते," ते कुजबुजले.

गिटारला घुमारा ठरला. चंद्रभानने साधं कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पाठीच्या झाकणाआड ठेवून दिलं. "पडू द्या पोटात. इथं धूळच खाईन ते."

मी यंत्र आहे. मला कार्डांत आवडनिवड नाही. जे घातलं ते घेऊन मी गेलो.

रामनवमीचं कीर्तन आर्वीजवळच्या एका गावात, राममंदिराच्या मंडपात होतं. बाईंनी नारदाच्या गादीला नमस्कार केला आणि माझ्यावरही एक झेंडूचं फूल ठेवलं. पुढे बसलेले म्हातारे तानबाजी माझ्याकडे निरखून पाहत होते.

"बाई, हे काऊन आनलं? वरातीतला बाजा हाय काय?"

"तुमच्या वरातीले आनला असता तानबाजी," बाई म्हणाल्या, "पन तुमी बलावलंच नाई."

मंडप हसला. चिपळ्या वाजल्या, ध्रुपद सुरू झालं. सदाशिवरावांनी शेवटचा शब्द अलगद उचलला आणि घुमाऱ्याने तो मंडपभर फिरवला. माना डोलल्या. कुणीतरी "वा" म्हणालं.

पुढे मात्र बिघडत गेलं. झील खाली बसल्यावर बोलायचं, ही बाईंची जन्माची सवय. घुमाऱ्याची झील खाली बसेचना. हात थांबले तरी सूर फिरतच राहायचा. बाई वाट पाहायच्या, मग बोलायला लागायच्या, आणि त्यांचे पहिले चार शब्द त्या घुमण्यात बुडून जायचे. सदाशिवरावांनी हलकं वाजवून पाहिलं. घुमारा हलका घुमला, पण घुमलाच. बाईंचा एक दाखला अर्ध्यावर सुटला. त्या ध्रुपद आखडतं घेऊ लागल्या.

"काय म्हनून राह्यली ओ बाई?" पुढच्या रांगेतल्या आनंदाबाईंनी शेजारणीला विचारलं. "मले तं बाजाच ऐकू येते."

मागची दोन-चार माणसं उठली.

पूर्वरंग संपला. बुक्का लावायची वेळ झाली. गावचे पाटील हार घालायला पुढे आले, तो घेण्यासाठी बाई वाकल्या आणि सदाशिवरावांकडे न पाहता हळू आवाजात म्हणाल्या, "आता तुमी बसा. उरलेलं मी एकटीच म्हनतो. मंग झालं आपलं."

तेवढं मी ऐकलं, कारण माइक चालू होता. मंडपानेही थोडं ऐकलं असावं.

सदाशिवरावांनी हात लांब करून मला बंद केलं. माइकही गेला.

"बिगडली काय मशीन?" तानबाजींनी विचारलं.

सदाशिवरावांनी मान हलवली. बुक्का लावणारा रांगांतून फिरत होता, आणि माइक नाही म्हणून लोकांनी उघड्या गळ्याने रामनामाचा गजर धरला होता. त्या गजरात सदाशिवरावांनी माझं झाकण काढलं. घुमारा उपसून बाजूला ठेवला. वर्तमानपत्र उलगडलं. साधं कार्ड खाचेपाशी नेलं आणि क्षणभर तसंच धरून बसले. मग सरकवलं आणि मला पुन्हा चालू केलं.

उत्तररंग लागला. बाईंनी एकटीनेच म्हणायचं ठरवून ध्रुपद घेतलं. शेवटच्या शब्दापाशी त्या आल्या, आणि तो पडायच्या आत मागून उचलला गेला. बारीक, खरखरीत, जसा होता तसा. सूर चढला, थांबला, खाली बसला. कुठेही सांडला नाही.

कीर्तनकार मागे वळून पाहत नाहीत. बाईंनीही पाहिलं नाही. त्यांनी श्वास घेतला, छाती भरून. तो श्वास माइकमधून, नरम कार्डातून माझ्या पोटात आला आणि साऱ्या मंडपाने ऐकला.

त्या दिवशी कीर्तन आरतीपर्यंत गेलं. उठताना आनंदाबाई म्हणाल्या, "आता बाईच्या मागं मानूस उभा हाय, असं वाटे."

"मानूसच हाये तो," तानबाजी म्हणाले.

चिपळ्या देवापुढे ठेवल्या गेल्या नाहीत. पुढची कितीतरी वर्षं मी त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडलो. घुमारा चंद्रभानला परत गेला. एका ऑर्केस्ट्रात त्याचं चांगलं नाव झालं, असं ऐकलं. साधं कार्ड मात्र कधी निघालं नाही. त्याच्यातून गिटार वाजली, कधी हार्मोनियमचा माइक चालला, शाळेची प्रार्थना झाली, एका लग्नात मंगलाष्टकं झाली. नरम कार्ड रुसलं की माइकही तेच सांभाळायचं. पहिल्यांदा निवडताना ज्याला नको म्हटलं, ते सगळ्यांच्या कामी आलं. हे मी अभिमानाने सांगत नाही. घडलं तसं सांगतो.

मग मंडळांकडे नव्या मशीनी आल्या. सगळे आवाज आतच, नुसतं बटण दाबायचं. बाईंचे गुडघे दुखायला लागले, बाहेरची कीर्तनं सुटली. मी पिपरीच्या घरात गव्हाच्या कोठीवर गेलो. माझ्यावर कधी पापड वाळले, कधी ओला टॉवेल पडला. उंदराने जाळीचा एक कोपरा नेला. कुणाचा राग नाही. आवाज करणाऱ्या वस्तूला गप्प बसणं जड जातं, इतकंच.

गेल्या रामनवमीला सदाशिवरावांनी मला खाली काढलं. चालू केल्यावर मी नुसता खरखरलो. त्यांनी मला थापट मारली नाही. साधं कार्ड काढलं, नातीच्या कंपासातलं खोडरबर घेतलं आणि कार्डाची पितळी कड हळूहळू घासली. काळं निघालं, कड चमकली. कार्ड परत बसलं, मी बोललो. बाईंनी दारातल्या खुर्चीवर बसून ध्रुपद म्हटलं. आवाज थकला आहे. झील थकलेली नाही.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं असेल. त्याच्यावर ओलं ठेवू नका. पंधरा दिवसांतून एकदा तरी त्याला चालू करा. खरखरलं तर मारू नका, आधी कड पुसून पाहा. आणि कधी पिपरीच्या त्या घरात गेलात, ध्रुपद चाललेलं असलं, तर माझं बटण मध्येच बंद करू नका. शेवटच्या शब्दापाशी बाईंना श्वास घ्यायचा असतो.