आठवा खांब

माळ्यावर वासे बावीस, जमिनीच्या आडव्या तुळया नऊ आणि उभे खांब सात. लेकीने ते दोनदा खडूने खुणा करत मोजले आणि तिसऱ्यांदा नुसत्या बोटाने, कारण सात ही संख्या तिला पटत नव्हती. छपराच्या दोन्ही उतारांखाली वाशांना मधोमध पेलणारं एकेक लांब लाकूड होतं, आणि त्याला खालून खांबांचा टेकू. डावीकडे चार खांब, उजवीकडे तीन. बांधणाऱ्याने एकाच बाजूला हात आखडता का घेतला असेल, हे तिला कळेना.

खांब मोजायला ती वर गेलीच नव्हती. बाबांच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेला चार महिने झाले होते. ते तराजू दुरुस्त करणारे. त्यांचं कामाचं बाक, हत्यारं, वजनं, सगळं माळ्यावर. माळ्यावर चढायचं तोंड चौथ्या आणि पाचव्या तुळईच्या मध्ये होतं, रुंदी एकेचाळीस सेंटिमीटर. पूर्वी बाबा अंग तिरपं करून, मांजरासारखे वर जात. आता काठी आली होती आणि तिरपं होणं बंद झालं होतं. दिवसभर ते खिडकीशी बसत आणि विचारलं तरच बोलत. पाचवी तुळई मध्ये कापून तोंड सहावीपर्यंत वाढवायचं, असं लेकीने ठरवलं. आईने होकार दिला, पण एका अटीवर: मिस्त्रीने धोका आहे म्हटलं, तर माळा कायमचा बंद.

मिस्त्री म्हणजे वयस्कर सुतार, बोलण्याआधी पेन्सिल कानामागे खोचणारा. त्याने दोरी ताणून प्रत्येक तुळई किती वाकलीय ते पाहिलं. आठ तुळया पाच-सहा मिलिमीटर वाकल्या होत्या. पाचवी अकरा.

लेक इंजिनिअर होती; तिने वही काढली. पाचवीवर बाबांचं बाक होतं आणि त्याला जोडलेलं, थेट वरच्या लाकडाला भिडणारं उंच फडताळ. बाक, फडताळ, वजनं, सगळं धरून दीडशे किलो. त्याने तुळई फार तर आठ वाकावी. तिने पुन्हा हिशेब केला, लाकडाची जाडी पुन्हा मोजली, मग जात दुसरी धरून पाहिली. दर वेळी आठच्या आसपास. वरचे तीन मिलिमीटर कुठून आले, काही केल्या जमेना.

खालून आई म्हणाली, पदवी आणि अनुभव असे दोघे डोक्यावर बसलेत, आणि दोघांना मिळून एक लाकूड कापता येईना.

मिस्त्रीने सांगितलं, आधी फडताळ सुटं करून बाजूला घेऊ, मग बघू. त्याने पहिल्या खिळ्याला पकड लावली.

"फडताळाला हात लावू नका."

बाबा शिडीच्या पायथ्याशी उभे होते. चार महिन्यांत न विचारता बोललेलं पहिलं वाक्य. लेकीला वाटलं, जीव अडकलाय त्यांचा. ती समजुतीने म्हणाली की काही मोडणार नाही, सगळं जसंच्या तसं लावू. बाबांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते वरून दिसेना.

मिस्त्रीला मात्र काय सुचलं कोण जाणे. त्याने लेकीच्या वहीचं एक पान फाडलं आणि फडताळ नि वरचं लाकूड यांच्या फटीत सरकवू लागला. पान गेलं नाही. दुसरीकडून सरकवलं, तिथेही नाही. त्याने पकड खिशात ठेवली आणि जरा मागे सरकला.

लेक गुडघ्यांवर बसून बाकाचे पाय बघू लागली. एका पायाच्या डोक्याला खाच होती, बाकाच्या कुठल्याच जोडणीत न बसणारी. तशीच खाच उरलेल्या सातही खांबांच्या डोक्याला होती.

"बाबा, आठवा खांब कुठे आहे?"

मग त्यांनी सांगितलं. बाकाची फळी खाली बनवली होती, ती वर बसेना, मध्ये खांब येत होता. म्हणून खांब कापला, त्याचेच पाय केले, आणि खांबाच्या जागी छपराला टेकू म्हणून, तात्पुरतं, फडताळ ठोकून बसवलं.

"आधी त्याच्यावरचं ओझं दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"किती ओझं आहे?"

"तेवढं एक मला कधी मोजता आलं नाही."

आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तात्पुरतं म्हणजे एकतीस वर्षं, ती म्हणाली, आणि त्याच्या बरोबर खाली माझी उशी. मग ती मिस्त्रीकडे वळली. धोका आहे ना? मिस्त्री म्हणाला, तोंड मोठं करण्यात नाही, आत्ता आहे त्यात आहे. आईचा गोंधळ उडाला. माळा बंद करावा तर छप्पर तसंच राहणार, आणि नीट करावं तर तोंड मोठं करायला अडचणच उरणार नाही. शेवटी तिने अट बदलली. काम करा, पण कापल्यावर एका दिवसात बाजूच्या तुळया दोन मिलिमीटरपेक्षा जास्त खाली आल्या, तर तोंडावर फळ्या ठोकायच्या.

काम चार दिवस चाललं. आधी खोलीतून पाचव्या तुळईला दोन लोखंडी टेकू. मग नवा आठवा खांब, सातव्या तुळईवर, जिच्याखाली भिंत होती. त्याच्या डोक्याशी पाचर ठोकत गेले तसं फडताळावरच्या फटीत वहीचं पान सरकू लागलं. बाक मागे सरकवलं. चौथी आणि सहावी तुळई आतून जोडलाकडं लावून दुप्पट केली. पाचवीला कापायच्या दोन्ही जागांपलीकडे आडवी लाकडं बोल्टने बसवली. सगळ्यात शेवटी करवत. मग टेकू हळूहळू सैल केले. बाबा खुर्ची घेऊन खाली बसले होते. करवतीचा आवाज थांबला की मान वर करत.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी लेकीने दोरी ताणली. आईने पट्टी स्वतः धरली आणि आकडा स्वतः वाचला.

चौथी तुळई: शून्य. सहावी: अर्धा मिलिमीटर. तोंडाची रुंदी शहात्तर सेंटिमीटर. बाबा, काठीसकट, अठ्ठावन्न.