पेश्तची वेळ

"काकू, शपथ दहाला होती. आता अकरा वाजून गेलेत." बशीतला शेवटचा केक तोंडात टाकत हंगेरीच्या वकिलातीचा साहेब म्हणाला.

रेगिना दारातच थबकली. अंगावर लग्नातला काळा कोट, हातात रुमालात गुंडाळलेलं प्रार्थनेचं पुस्तक. सभागृहात खुर्च्या आवरणं चाललं होतं.

चूक कुठे झाली, हे तिला तत्क्षणी कळलं. स्वयंपाकघरातलं घड्याळ! तिचा नवरा मोझेश त्याला बावन्न वर्षं पेश्तच्या, म्हणजे हंगेरीच्या राजधानीच्या वेळेवर चालवत आला होता. इथल्यापेक्षा एक तास मागे. "रुमानियात राहतो, पण जेवतो पेश्तच्या वेळेला," असं तो ऐटीत म्हणायचा. रेगिना गिरणीत तीस वर्षं सूत जोडायला गेली ती रोज मनात एक तास मिळवून. आज मात्र तिने मिळवला नाही. हंगेरीच्या नागरिकत्वाची शपथ हंगेरीच्याच वेळेला असणार, यात विचार कसला करायचा?

"घड्याळ पेश्तचं आहे आमचं," ती म्हणाली.

साहेब मोठ्याने हसला. "अहो, आपण रुमानियात आहोत! इथलं घड्याळ नको का बघायला?"

हे पेश्तचा माणूस तिला, जन्माच्या हंगेरियन बाईला, सांगत होता! असली माणसं तिने पाहिली होती. एकदा पेश्तच्या बाजारात मिरची घेताना बाई म्हणाली होती, "रुमानियन असून हंगेरियन छान बोलता हो." मग २००४ साली, सीमेपलीकडच्या हंगेरियन लोकांना नागरिकत्व द्यावं का, म्हणून तिकडे मतदान झालं, तर पुरेशी माणसं घराबाहेरच पडली नाहीत. मोझेश रेडिओ बंद करून लाकडं फोडायला गेला होता. आणि आता नागरिकत्व घ्या म्हणत तीच मंडळी फुलं घेऊन दारात!

पाठीमागून शेजारचा आगोश्तोन आला. शपथ घेऊन झाली होती, कोटाला हंगेरीची तिरंगी फीत होती, डोळे फोनवर.

"काकू, उशीर केलात! मी तर पासपोर्ट आला की लंडनला. विमानाचं बघतोयसुद्धा."

"शपथेत काय म्हणालास रे?"

"ते साहेब बोलले तसं म्हटलं. कोण लक्षात ठेवतं?"

मोझेशने ठेवली होती. अर्ज केल्या दिवसापासून तो दाढी करताना शपथ घोकायचा, अडखळला की पहिल्यापासून. बोलावणं यायच्या आधीच, मार्चमध्ये तो गेला. ऐकून ऐकून रेगिनाला ती पाठ झाली होती. ती आज खणखणीत म्हणायची, दोघांच्या वतीने, एवढ्यासाठीच ती आली होती.

"काळजी नको," साहेबाने दोन कागद पुढे सरकवले. "शपथ म्हटली असं समजू. इथे सही. आणि हा दुसरा, निवडणुकीचा. घरबसल्या टपालाने मत देता येईल. तो मात्र नीट भरा."

"दोन मिनिटं लागतील. उभी राहून म्हणते."

"काकू, गाडी खाली उभी आहे. तुमची सही झाली की पुरे."

रेगिनाने त्याच्याकडे पाहिलं. मिशीला साखर लागली होती.

"तुमच्या मिशीला केक लागलाय," ती म्हणाली. "पुसा. देशाचं तोंड आहात तुम्ही."

पेन तिने टेबलावरच ठेवलं.

घरी येऊन तिने कोट खुंटीला अडकवला. घड्याळात अकराला दहा कमी होते. ती स्टुलावर चढली, काच उघडली, मोठा काटा पुढे ढकलला. अकराचे ठोके पुरे वाजू दिले, मोझेशने शिकवलं होतं तसं, मग बाराला दहा कमीपर्यंत नेला.

ती खाली बसून राहिली. चर्चची बाराची घंटा सुरू झाली, आणि बावन्न वर्षांत पहिल्यांदाच घड्याळही तिच्याबरोबर वाजलं. मोझेश असता तर ताटावरून उठून गेला असता.