चांगल्या हाताची शिक्षा

ज्याला वेल्डिंग जमत नाही त्याला आमच्याकडे साहेब करतात. हे मी चिडून बोलतोय, कबूल आहे, पण खोटं बोलत नाही. कोलशेतच्या आमच्या कारखान्यात केमिकल कंपन्यांसाठी पाइपलाइनी आणि टाक्या बनतात. तिथे दिपेश नावाचा एक मुलगा वेल्डर म्हणून लागला होता. जोड मारायला बसला की पाइपला भोकं पाडायचा. शेठ इतके वैतागले की त्यांनी त्याला उचलून तपासणीला बसवलं. तपासणी म्हणजे दुसऱ्यांनी मारलेले जोड बघायचे, त्यांच्या एक्स-रेच्या फिल्म दिव्यावर धरून वाचायच्या आणि पास किंवा नापास अशी सही करायची. आज दिपेश तळोज्याला क्वालिटी मॅनेजर आहे, स्वतःच्या गाडीने जातो. माझे जोड पास करून करून तो मोठा झाला आणि मी अजून हेल्मेटखालीच घामाघूम होतोय.

मी रतन गायकवाड, राहणार कळवा. आयटीआयमधून बाहेर पडलो तो थेट या कारखान्यात शिरलो. तपासनीसाची परीक्षा मी केव्हाच पास झालोय. रविवारची झोप मोडून ठाण्याला क्लासला जायचो, इंग्रजीतलं पुस्तक मुलीला विचारून विचारून वाचायचो. सर्टिफिकेट आलं, त्याची मुदत संपली, पुन्हा परीक्षा देऊन ते नवं करून घेतलं. दर वर्षी डोळे तपासून घेतो, कारण तपासनीसाची नजर चांगली लागते. उपयोग शून्य. जागा रिकामी झाली की मी शेठच्या केबिनमध्ये जायचो आणि साईनाथशेठ दर वेळी माझ्या खांद्यावर हात ठेवायचे.

"रतन, अरे तुझ्यासारखा हात अख्ख्या ठाण्यात नाही. तूच खुर्चीत बसलास तर रूट कोण मारणार?"

रूट म्हणजे जोडाचा सगळ्यात आतला, पहिला थर. दोन पाइपांच्या कडा तिथे पूर्ण वितळून एक व्हायला लागतात. वरचे थर कोणीही चढवेल, पण रूट बिघडली तर सगळं फुकट. पातळ पाइपची रूट आमच्याकडे माझ्याशिवाय कोणाला धड जमत नाही. शेठनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी मूर्खासारखा फुशारून घरी गेलो होतो. बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढा आवडतो तर तो हातच ठेवून या ना त्यांच्या टेबलावर. बाकीचे तुम्ही खुर्चीत बसा." तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

आता मान वळत नाही. पाइपखाली आडवं पडून, मान तिरकी करून ज्याने उभी हयात घालवली त्याला विचारा. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. अजून किती वर्षं हा हात असाच राहील, आणि एक दिवस तो थरथरायला लागला की हेच शेठ खांद्यावर हात ठेवून मला गेटपर्यंत सोडायला येतील, हे मला स्पष्ट दिसत होतं. मला ती खुर्ची हवी होती, आणि शरीर धड आहे तोवर हवी होती.

दिवाळीनंतर आमचे तपासनीस रिटायर झाले. या वेळी मी केबिनमध्ये गेलो तो बसलोच नाही. म्हटलं, "शेठ, खुर्ची द्या, नाहीतर मी दुसरीकडे बघतो." शेठ घाबरले. म्हणाले, "ठीक आहे. तुझ्या जागेवर एक माणूस तयार कर. गिऱ्हाईक कंपनीचा इन्स्पेक्टर येऊन टेस्ट घेईल. तोवर फिल्म बाहेरच्या माणसाकडून वाचून घेऊ. तो माणूस पास झाला की खुर्ची तुझी. शब्द दिला."

मी समीक्षाला निवडलं. टिटवाळ्याची मुलगी, वेल्डिंगचा डिप्लोमा झालेला, आमच्याकडे साधी कामं करायची. कामाला बसली की तिचा श्वाससुद्धा एका लयीत चालायचा, ते मी हेरून ठेवलं होतं. तिला शिकवायला मी जीव ओतला. वेल्डिंगची टॉर्च पाइपला कशी टेकवायची, कडा वितळल्याचं कशावरून ओळखायचं, खालच्या बाजूला धातू खाली ओघळतो तेव्हा जोडात भरायची तार किती पुढे द्यायची, सगळं सांगितलं. मी हे असं कोणाला कधी शिकवलं नव्हतं. ती शिकलीही भराभर. पावसाळ्याआधीच तिचे जोड आणि माझे जोड शेजारी ठेवले तर कुठला कोणाचा ते ओळखायला मलाच क्षणभर थांबायला लागायचं.

माझी एक खोड आहे, हाताला काम नसलं की तोंड चालतं. ती जोड मारायची आणि मी बाजूला बसून बडबडायचो. शेठ काय म्हणाले, बायको काय म्हणाली, कोणाकोणाला खुर्ची मिळाली, सगळं उगाळायचो. तिला कंटाळा येत असेल असं मला वाटायचं. पण ती मधेच हेल्मेट वर करून विचारायची, "काका, दिपेशने नक्की कसं बिघडवलेलं?" मी रंगवून सांगायचो. रविवारी ती माझ्याच जुन्या क्लासला जाते, परीक्षाही दिली आहे, हे तिने मला सांगितलं होतं. मी म्हटलं, चांगलं आहे, शिक.

टेस्टच्या दिवशी पुण्याहून इन्स्पेक्टर आले. पाइपचे दोन तुकडे तिरके बांधले. टेस्टमध्ये पाइप हलवायचा नसतो, वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरायचं. खालची बाजू सगळ्यात कठीण, भले भले तिथे रडतात. वरची बाजू त्यामानाने सोपी, तिथे महिन्याभराचा शिकाऊसुद्धा चुकत नाही. मी झगझगाट अडवायला लावलेल्या पडद्याबाहेर उभा राहून नुसता आवाज ऐकत होतो. खालची बाजू संपली तेव्हा मी मनातल्या मनात खुर्चीत बसलो होतो, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी फिल्म आली. मी ती दिव्यावर धरली. खालची बाजू सुतासारखी सरळ, स्वच्छ. आणि बरोबर वर, मधोमध, एक बारीक काळी रेघ. तेवढ्या भागात रूट वितळलीच नव्हती. रेघ ठरवून आखल्यासारखी एका जागी सुरू झाली होती आणि एका जागी थांबली होती. इन्स्पेक्टरनी नापासाची सही केली आणि चहा न घेता निघून गेले.

शेठनी मला बोलावलं. "रतन, ही पोरगी नाही रे चालणार. तुझा हात तो तुझाच हात." मग पेन हातात फिरवत म्हणाले, "पण हुशार आहे. तपासणीची परीक्षापण पास झालीय म्हणते. वेल्डिंगला उपयोग नाही तर बसवून टाकू तिला तपासणीला. आपली जागा रिकामी आहेच."

मी बाहेर आलो तेव्हा समीक्षा पाण्याच्या टाकीजवळ ग्लोव्हज धुवत होती.

"हे काय केलंस तू?" मी विचारलं.

"चुकलं, काका."

"वर चुकलं? खाली एवढं सुंदर मारलंस आणि वर चुकलं? मला शिकवतेस?"

तिने नळ बंद केला. ग्लोव्हज झटकले आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्हीच सांगितलेलं ना काका, चांगला हात दाखवला की शेठ सोडत नाही. मी पास झाली असती तर तुम्ही सुटला असतात आणि तिथे मी अडकली असती. तुमच्या वयाची होईपर्यंत."

"मी तुला यासाठी शिकवलं?"

"तुम्ही शिकवलंत तेही ऐकलं आणि बोललात तेही ऐकलं. रोज तर बोलायचात." ती मागे हटली नाही. "आणि मला कोणी विचारलेलं का, मला तुमच्या जागेवर बसायचंय की नाही ते?"

राग इतका आला होता की कान गरम झाले. पण तो नुसता तिचा राग नव्हता. जी गोष्ट या पोरीला काही महिन्यांत कळली ती माझ्या डोक्यात इतक्या वर्षांत एकदाही आली नव्हती, याचा तो राग होता. मी दर जोड आदल्या जोडापेक्षा चांगला मारत गेलो आणि दर वेळी स्वतःलाच आणखी घट्ट बांधत गेलो.

तरी मी शेठकडे परत गेलोच. सांगून टाकलं, "शेठ, तिने मुद्दाम बिघडवलंय. तिचा हात माझ्याइतका चांगला आहे."

शेठ खदाखदा हसले. "अरे, मुद्दाम नापास कोण होतं? तुला वाईट वाटतंय, कळतं मला. दुसरा कोणीतरी तयार कर. खुर्ची काय पळून जातेय?"

पुढच्याच सोमवारी समीक्षा त्या खुर्चीत बसली. मी तिच्याशी बोलणं सोडलं. माझे जोड तिच्याकडे जायचे आणि पास होऊन यायचे. मग एका दुपारी मी ठरवलं, बस झालं. तिला जमतं ते मला का जमू नये? बिघडलेला जोड फिल्ममध्ये धरला जाणारच होता, म्हणून भीती नव्हती. दोन-चार जोड नापास झाले की शेठ आपणहून म्हणतील, रतनचा हात गेला, बसवा त्याला कुठेतरी. मी पाइप लावला, हेल्मेट खाली ओढलं आणि ठरवून वरच्या बाजूला आलो. आता इथून टॉर्च पटकन पुढे काढायची, कडा कच्च्या सोडायच्या, एवढंच करायचं होतं. हात पुढे जाईना. कडा वितळेपर्यंत तो जागचा हललाच नाही. मी स्वतःला शिवी दिली आणि पुढे पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तो थांबला, धातू वितळू दिला, तार दिली आणि मगच सरकला.

फिल्म आली तेव्हा मी स्वतः समीक्षासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "नीट बघ. यात काहीतरी निघणार."

तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. तिने फिल्म दिव्यावर धरली, भिंग घेतलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितली, मग उलटी करून पुन्हा बघितली. मनापासून शोधत होती.

"नाही निघत, काका," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मग तिने पेन उचललं आणि पासाची सही केली.